प्रवासी विमानातील संगणक

प्रवासी विमानातील संगणक म्हणजे उड्डाणाचे नियंत्रण, इंजिने, मार्गदर्शन, ब्रेक, केबिनमधील हवेचा दाब, धोक्याच्या सूचना इत्यादी कामांसाठी विमानातच बसविलेले संगणक होत. आधुनिक विमानात एकच मोठा संगणक असून तोच विमान चालवितो, असा समज पुष्कळदा आढळतो. तो बरोबर नाही. अशा विमानात स्वतंत्रपणे काम करणारे अनेक संगणक असतात. एअरबस ए३२० या विमानात केवळ उड्डाण-नियंत्रणासाठी सात संगणक आहेत. इंजिने, मार्गआखणी, हवेविषयीची मोजमापे आणि इशारे यांचे संगणक त्यांहून वेगळे. त्यांची संख्या एवढी मोठी असण्याचे मुख्य कारण कामाचा बोजा हे नाही. कोणत्याही एका संगणकाच्या सांगण्यावर विसंबून राहायचे नाही, हे या रचनेतील मूलतत्त्व आहे. त्यामुळे महत्त्वाच्या प्रत्येक कामासाठी दोन, तीन वा अधिक संगणक योजून त्यांची उत्तरे सतत ताडून पाहिली जातात.

स्वरूप आणि स्थान

संगणक म्हटले की पडदा व कळफलक डोळ्यांपुढे येतो. विमानातील बहुतेक संगणकांना यांपैकी काहीच नसते. ते धातूच्या बंद पेट्यांच्या स्वरूपात असतात आणि साधारणतः कॉकपिटच्या खाली असलेल्या विद्युत-कक्षात मांडण्यांवर ओळीने बसविलेले असतात. त्यांतून खेळणाऱ्या हवेने ते थंड राखले जातात. एखादी पेटी बिघडल्यास विमानतळावरच ती ओढून काढून दुसरी बसविता येते. बिघडलेली पेटी नंतर कार्यशाळेत दुरुस्त होते.

हे संगणक वेगवान असतात, अशीही एक समजूत आहे. ए३२० च्या मूळ रचनेत उड्डाण-नियंत्रणासाठी मोटोरोला ६८०१० आणि इंटेल ८०१८६ हे प्रोसेसर वापरले गेले. दोन्ही १९८० च्या दशकाच्या आरंभीचे असून आजच्या साध्या मोबाइल फोनपुढे ते अगदीच मंद ठरतात. मात्र विमानाला हवी असते ती निश्चिती. ठरावीक काम ठरावीक क्षणात दर वेळी पूर्ण होईल याची खात्री देता आली पाहिजे, आणि ही खात्री जुन्या, साध्या व पूर्णपणे जाणून घेतलेल्या प्रोसेसरविषयी देणे अधिक सोपे असते.

इतिहास

पूर्वी वैमानिकाच्या हातातील दांडा आणि पंख व शेपटीवरील हलते भाग हे पोलादी तारा व कप्प्या यांनी जोडलेले असत. विमाने मोठी झाली तसे हे भाग हलविण्यास हाताचे बळ अपुरे पडू लागले व हायड्रॉलिक यंत्रणा आली. तरी आज्ञा तारेनेच जात असे. १९६९ मध्ये प्रथम उडालेल्या काँकर्ड या स्वनातीत प्रवासी विमानात आज्ञा विद्युत-संदेशांनी पाठविण्याची सोय होती, परंतु ती यंत्रणा अंकीय नव्हती.

अंकीय संगणकामार्फत विमान उडविण्याचा महत्त्वाचा प्रयोग अमेरिकेच्या नासा या संस्थेने २५ मे १९७२ रोजी एफ-८ क्रुसेडर या लष्करी विमानावर केला. त्यासाठी वापरलेला संगणक चांद्रयानाच्या अपोलो मोहिमेतील होता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. प्रवासी विमानांत हे तंत्र पूर्णत्वाने आणले ते ए३२० ने. त्याचे पहिले उड्डाण २२ फेब्रुवारी १९८७ रोजी झाले व १९८८ मध्ये ते एअर फ्रान्सच्या सेवेत दाखल झाले. बोइंग कंपनीने ७७७ या विमानात ही पद्धत स्वीकारली. त्याचे पहिले उड्डाण १२ जून १९९४ रोजी झाले. एअरबस ए३८० व बोइंग ७८७ या पुढील विमानांत प्रत्येक कामाला वेगळी पेटी देण्याऐवजी काही सामाईक संगणकांवर अनेक कामे वेगवेगळ्या कप्प्यांत चालविण्याची पद्धत रूढ झाली. एका कप्प्यातील बिघाड शेजारच्या कप्प्यात शिरू नये, ही तिची पहिली अट असते.

याच काळात कॉकपिटमधील माणसेही कमी झाली. इंजिने, इंधन व वीज यांवर लक्ष ठेवणारा फ्लाइट इंजिनिअर हा तिसरा अधिकारी १९८० च्या दशकापासून नव्या विमानांतून नाहीसा झाला. त्याचे काम संगणकांकडे गेले.

कार्यानुसार प्रकार

हवा व जडत्व यांचे संगणक. विमानाचा वेग, उंची, कल व दिशा ही माहिती यांच्याकडून मिळते. विमानाच्या नाकाजवळ बाहेर आलेल्या पिटो नलिका समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजतात. लहान पात्यांसारखे संवेदक पंख हवेला किती कोनात भिडत आहेत ते सांगतात. या कोनास आघातकोन म्हणतात. तो मर्यादेपलीकडे वाढला तर पंखांवरील वर उचलणारे बल एकाएकी घटते व विमान कोसळू लागते. या अवस्थेला स्टॉल असे नाव आहे. ए३२० मध्ये असे तीन संगणक असून प्रत्येकात लेसर किरणांवर चालणारे वळणमापक असतात. विमानातील इतर जवळजवळ सर्व महत्त्वाचे संगणक या तिघांच्या माहितीवर अवलंबून असल्यामुळे त्यांची चूक सर्वांत दूरवर पोचते.

मार्गव्यवस्थापनाचे संगणक. हे मार्ग, वेग, उंची व इंधन यांचा हिशेब करतात आणि स्वयंचलित वैमानिकाला दिशा देतात. विमानतळ, धावपट्ट्या व हवाई मार्ग यांची माहिती त्यांत साठविलेली असते. ही माहिती जगभर दर २८ दिवसांनी नव्याने प्रसृत होते.

इंजिनाचे संगणक. प्रत्येक जेट इंजिनाला स्वतःचा संगणक असतो व त्यात एकमेकांची जागा घेऊ शकणारे दोन विभाग असतात. वैमानिक पुढे-मागे करतो तो थ्रॉटल केवळ मागणी नोंदवितो. किती इंधन सोडायचे हे संगणक ठरवितो. इंजिन फिरत असताना त्याला लागणारी वीज त्या इंजिनावरच बसविलेले छोटे जनित्र पुरविते. विमानातील इतर वीज गेली तरी इंजिन बंद पडत नाही ते त्यामुळे.

इशारा देणारे संगणक. बिघाड ओळखून तो पडद्यावर दाखविणे व पुढे काय करावे त्याची यादी देणे हे यांचे काम. गप्प केव्हा बसावे हेही त्यांना शिकविलेले असते. ए३२० धावपट्टीवर सुमारे ८० नॉटचा वेग ओलांडते तेव्हापासून १,५०० फूट उंची गाठेपर्यंत कमी महत्त्वाचे इशारे रोखून धरले जातात, कारण त्या घटकांत वैमानिकाचे लक्ष क्षुल्लक गोष्टीकडे जाणे हाच मोठा धोका असतो.

टक्कर टाळणारे संगणक. जवळ येणाऱ्या दोन विमानांतील संगणक परस्परांशी संदेशांची देवाणघेवाण करून एकाला वर व दुसऱ्याला खाली जाण्यास सांगतात. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ व कझाकस्तानचे इल्युशिन-७६ यांची आकाशात टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. या अपघातानंतर भारताने आपल्या आकाशातून उडणाऱ्या प्रवासी विमानांना ही यंत्रणा सक्तीची केली.

याखेरीज ब्रेक, चाके, केबिनमधील दाब व तापमान यांचे संगणक असतात. प्रवाशांच्या आसनामागील पडद्यांचे करमणुकीचे जाळे उड्डाणाच्या संगणकांपासून अलग ठेवलेले असते.

उड्डाण-नियंत्रण

ए३२० मध्ये वैमानिकाच्या बाजूला साइडस्टिक नावाचा छोटा दांडा असतो. तो हलविला की विद्युत-संदेश संगणकांकडे जातो आणि कोणता भाग किती हलवायचा हे ते ठरवितात. सात संगणकांपैकी दोन ईलॅक हे शेपटीवरील एलिव्हेटर व पंखांवरील एलेरॉन यांचे, तीन सेक हे मुख्यतः पंखांवर उभ्या राहणाऱ्या स्पॉयलर फळ्यांचे आणि दोन फॅक हे शेपटीच्या उभ्या सुकाणूचे, म्हणजे रडरचे काम पाहतात. दोन्ही ईलॅक निकामी झाले तर एलिव्हेटर सेककडे जातात.

सर्व काही सुरळीत असता संगणक वैमानिकाला काही मर्यादा ओलांडू देत नाहीत. दांडा कितीही कलविला तरी विमान ६७ अंशांपेक्षा अधिक बाजूला कलत नाही. नाक ३० अंशांहून वर किंवा १५ अंशांहून खाली जात नाही. आघातकोनही स्टॉलपर्यंत पोचू दिला जात नाही. संगणक किंवा संवेदक निकामी होऊ लागले की ही संरक्षणे क्रमाने गळून पडतात आणि शेवटी दांडा जितका हलेल तितकाच भाग हलेल अशी साधी अवस्था उरते. सर्व संगणक बंद पडले तरी शेपटीचा आडवा पंख हलविणारे चाक आणि रडरचे पायटे यांत्रिक रीतीने चालतात. ही सोय विमान उतरविण्यासाठी नसून संगणक पुन्हा सुरू होईपर्यंत ते सावरून धरण्यासाठी आहे.

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्क येथे पक्ष्यांच्या थव्याला धडकून ए३२० ची दोन्ही इंजिने निकामी झाली. कप्तान चेस्ली सलेनबर्गर यांनी शेपटीतील साहाय्यक इंजिन लगेच सुरू केले. वीज चालू राहिल्यामुळे उड्डाण-नियंत्रणाची सर्व संरक्षणे अखेरपर्यंत कायम राहिली व विमान हडसन नदीत उतरले. विमानातील सर्व १५५ जण वाचले.

बोइंग ७७७ मधील विचार थोडा निराळा आहे. तेथेही मर्यादा आहेत, पण वैमानिकाने अधिक जोर लावल्यास त्या ओलांडता येतात. अंतिम शब्द यंत्राचा की माणसाचा, हा वाद तेव्हापासून चालू आहे. दोन्ही पद्धतींची विमाने दीर्घकाळ सुरक्षितपणे उडत असल्याने एका बाजूने कौल देणे कठीण आहे.

परस्पर पडताळणी

१ जानेवारी १९७८ रोजी रात्री एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ मुंबईहून दुबईला निघाले आणि थोड्याच वेळात वांद्र्याजवळ अरबी समुद्रात कोसळले. विमानातील सर्व २१३ जण मरण पावले. कप्तानापुढील, विमानाचा कल दाखविणारे उपकरण बिघडले होते. विमान उजवीकडे कलले आहे असे समजून त्यांनी ते डावीकडे वळवीत नेले. सहवैमानिकापुढे तसेच दुसरे उपकरण होते आणि तिसरे राखीव उपकरणही होते. दोन उपकरणे एक सांगत असून तिसरे वेगळे सांगते आहे, एवढे लक्षात येणे पुरेसे होते. परंतु खाली काळा समुद्र, वर काळे आकाश आणि हाताशी मोजके सेकंद अशा स्थितीत ही तुलना माणसाला करावयाची होती. आजच्या विमानांत नेमके हेच काम संगणक अखंड करीत असतात आणि दोन बाजूंच्या आकड्यांत फरक पडताच पडद्यावर तसे जाहीर करतात.

ए३२० मधील उड्डाण-नियंत्रणाच्या प्रत्येक संगणकात दोन स्वतंत्र विभाग असतात. एक आज्ञा देतो. दुसरा तेच गणित स्वतः करून पहिल्याचे उत्तर तपासतो. दोहोंत मर्यादेबाहेर फरक पडला तर तो संगणक स्वतःला कामातून बाजूला करतो व दुसरा पुढे येतो. चुकीचे उत्तर देण्यापेक्षा गप्प होणे श्रेयस्कर, असा हा नियम आहे. बोइंग ७७७ मध्ये तीन मुख्य संगणक असून प्रत्येकात तीन विभाग आहेत व त्या तिघांचे प्रोसेसर तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे आहेत: इंटेल, मोटोरोला आणि एएमडी. तीन उत्तरांतील मधले उत्तर ग्राह्य धरले जाते, म्हणजे एखादे भलतेच आले तरी ते आपोआप वगळले जाते.

वेगवेगळे प्रोसेसर का, हे वर्गातील एका नित्याच्या अनुभवावरून समजेल. तीन विद्यार्थ्यांची उत्तरे तंतोतंत जुळली, तर ती बरोबर आहेत एवढाच अर्थ होत नाही. तिघांनी एकाच वहीवरून उतरविली असतील तर चूकही तिघांची सारखीच असते. एकाच प्रोसेसरच्या व एकाच आज्ञावलीच्या तीन प्रती करण्यात हाच दोष आहे. म्हणून एअरबसने ईलॅक व सेक हे संगणक वेगळ्या उत्पादकांकडून, वेगळ्या प्रोसेसरवर व वेगळ्या आज्ञावलीसह तयार करून घेतले.

अपघात व त्यांतील धडे

१४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून बंगळूरला गेलेले इंडियन एअरलाइन्सचे ए३२० धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळले. १४६ पैकी ९२ जण मरण पावले. संगणकांत बिघाड नव्हता. ज्या अवस्थेत इंजिने किमान शक्तीवर राहतात त्या उतरण्याच्या अवस्थेत यंत्रणा होती, वेग घटत गेला आणि वैमानिकांच्या ते फार उशिरा लक्षात आले. विमान नवेच होते. त्यानंतर भारतातील ए३२० विमाने काही काळ जमिनीवर ठेवण्यात आली. संगणक सध्या कोणत्या अवस्थेत आहे हे वैमानिकाला सतत ठाऊक असणे हा स्वतंत्र प्रशिक्षणाचा विषय आहे, ही जाणीव जगभर दृढ होण्यास अशा अपघातांचा हातभार लागला.

७ ऑक्टोबर २००८ रोजी सिंगापूरहून पर्थला जाणाऱ्या क्वांटासच्या ए३३० विमानाने भर आकाशात दोनदा एकाएकी नाक खाली घातले. पट्टा न बांधलेले प्रवासी छतावर आदळले. ३१५ पैकी ११९ जण जखमी झाले. हवेच्या तीन संगणकांपैकी एक मधूनमधून आघातकोनाचे अवास्तव आकडे पाठवीत होता. असा आकडा आल्यास १.२ सेकंद आधीचाच आकडा धरून राहायचे, अशी नियंत्रण-संगणकाची पद्धत होती. पण दुसरा खोटा आकडा नेमका त्या १.२ सेकंदांनंतर आला आणि खरा म्हणून स्वीकारला गेला. विमान स्टॉलच्या बेतात आहे असे मानून संगणकाने नाक खाली केले. दोष आज्ञावलीच्या लिखाणात नव्हता. असा योग येईल हे तिच्या रचनाकारांच्या मनात आले नव्हते. पुढे ही पद्धत बदलण्यात आली.

१ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचे ए३३० अटलांटिक महासागरात कोसळून २२८ जण मृत्यू पावले. येथे पिटो नलिका एकाच वेळी बर्फाने चोंदल्या. बहुमताची पद्धत अशा प्रसंगी निरुपयोगी ठरते, कारण सर्वांनाच एक कारण बाधते. विश्वासार्ह वेग मिळेनासा झाल्यावर स्वयंचलित वैमानिक सुटला, स्टॉलपासूनचे संरक्षण गेले आणि गोंधळलेल्या वैमानिकांनी नाक वर ओढून विमान स्टॉलमध्ये नेले.

या तत्त्वाचा सर्वांत उघड भंग झाला तो बोइंग ७३७ मॅक्स या विमानात. इंडोनेशियात २९ ऑक्टोबर २०१८ रोजी व इथिओपियात १० मार्च २०१९ रोजी झालेल्या दोन अपघातांत ३४६ जण मृत्यू पावले. एमकॅस नावाची आज्ञावली आघातकोन वाढला की शेपटीचा आडवा पंख हलवून नाक खाली करीत असे. विमानावर आघातकोनाचे दोन संवेदक असूनही ती एका वेळी एकाचेच ऐकत होती, आणि दोन्ही प्रसंगी तो एकच चुकत होता. वैमानिकांच्या पुस्तिकेत तिचा उल्लेखही नव्हता. जगभरची ही विमाने जमिनीवर आणली गेली. सुधारित आज्ञावली दोन्ही संवेदकांची तुलना करते, फरक मोठा असल्यास काम थांबविते आणि वारंवार नाक खाली करीत नाही. तीस वर्षांपूर्वी मान्य झालेला नियम येथे का मोडला गेला, याचे उत्तर तंत्रज्ञानापेक्षा व्यापारी घाई व सैल तपासणी यांत शोधावे लागते. अमेरिकी संसदेच्या समितीनेही याच गोष्टींवर बोट ठेवले.

आज्ञावली व तिची तपासणी

विमानातील आज्ञावलींसाठी डीओ-१७८ नावाचे मानक वापरले जाते. चूक झाल्यास किती हानी होईल यावरून आज्ञावलीच्या ए ते ई अशा पाच पातळ्या ठरतात. ए पातळीवर, म्हणजे जेथे चुकीने विमान गमावले जाऊ शकते तेथे, प्रत्येक निर्णयातील प्रत्येक अट निकालावर स्वतंत्रपणे परिणाम करते हे चाचणीने दाखवावे लागते. विमान नष्ट करू शकेल अशा बिघाडाची शक्यता उड्डाणाच्या दर तासाला एक अब्जांशाच्या आसपास वा त्याहून कमी असावी, अशी अपेक्षा आहे.

एवढे करूनही साधे दोष निसटतात. २०१५ मध्ये बोइंग ७८७ च्या जनित्र-नियंत्रकांत असा दोष आढळला की ते २४८ दिवस अखंड चालू राहिले तर सर्व एकाच वेळी बंद पडू शकतात. सेकंदाचे शतांश मोजणारा गणक २,१४,७४,८३,६४८ या संख्येपाशी त्याच्यातील जागा संपते तेथे अडत असावा, असे या कालावधीवरून दिसते, कारण तेवढ्या शतांशांचे जवळजवळ २४८ दिवस व १३ तास होतात. तात्पुरता उपाय म्हणून ठरावीक काळाने विमानाची वीज बंद करून पुन्हा सुरू करण्यास सांगण्यात आले.

किरणोत्सर्ग आणि २०२५ मधील दुरुस्ती

जमिनीपेक्षा १० ते १२ किलोमीटर उंचीवर अवकाशातून येणारे कण बरेच अधिक असतात. असा कण स्मृतीतील एखाद्या शून्याचा एक करू शकतो. म्हणून स्मृतीतील मजकूर बदलला आहे का हे पाहणाऱ्या व चूक दुरुस्त करणाऱ्या सोयी या संगणकांत ठेवाव्या लागतात.

३० ऑक्टोबर २०२५ रोजी जेटब्लू कंपनीच्या ए३२० विमानाने वैमानिकाची आज्ञा नसताना नाक खाली केले व काही प्रवासी जखमी झाले. तीव्र सौर किरणोत्सर्गामुळे ईलॅकमधील माहिती बिघडू शकते, असा निष्कर्ष एअरबसने काढला आणि २८ नोव्हेंबर रोजी ए३२० वर्गातील सुमारे ६,००० विमानांत दुरुस्ती करण्यास सांगितले. बहुतेक विमानांत ईलॅकची आधीची आज्ञावली पुन्हा भरणे पुरेसे होते व त्याला काही तासच लागले; काही जुन्या विमानांत संगणकाची पेटीच बदलावी लागली. भारतात इंडिगो, एअर इंडिया व एअर इंडिया एक्सप्रेस यांच्या तीनशेहून अधिक विमानांना हा आदेश लागू झाला आणि त्यांतील बहुतेकांचे काम दोन-तीन दिवसांत उरकण्यात आले.